काठापासून शंभर फूट

मंगळवार, ९ एप्रिल

दुपारी दोन ते चार क्लिनिक बंद असतं. जेवून खाली येतो आणि पेशंटच्या खुर्चीत आडवा होतो. आमच्या घरात तिच्याइतकी आरामाची जागा दुसरी नाही. आजपासून त्या वेळात लिहीन म्हणतो. निमित्तही तसंच आहे. मी नगरपालिकेच्या पाणथळ संरक्षण समितीचा अध्यक्ष झालो.

झालं असं, की सकाळी नगरसेवक दाढ दाखवायला आले. तोंडात कापसाचे बोळे होते तोवर मीच बोलत होतो. रस्त्यावरचे दिवे, कचरा, मोकाट कुत्री, सगळं सांगून घेतलं. बोळे काढल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, पाणथळ समितीला अध्यक्ष हवाय. सचोटीचा माणूस पाहिजे. गावात दुसरं कुणी डोळ्यांसमोर येईना." मी आढेवेढे घेतले, पण फार नाही. जाताना त्यांनी विचारलं, "तुमच्या धाकट्या बहिणीने तळ्याकडे प्लॉट घेतलाय ना?" हो म्हटलं. "वा, वा," म्हणाले. एवढा कामाचा माणूस, पण घरच्यांची चौकशी विसरत नाही.

काम काही अवघड दिसत नाही. गावामागे तळं, तळ्याभोवती दलदल, आणि नियम एकच: काठापासून शंभर फुटांत बांधकाम करायचं नाही. त्या बाजूला कुणाला बांधायचं असेल तर समितीकडे अर्ज करायचा. समितीत पाच जण. बहुमताने नाकारला नाही, तर अर्ज मंजूर.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "तुम्हाला पोहता कुठे येतं?" अध्यक्षाला पोहावं लागत नाही, म्हटलं. मग आईच्या खोलीत गेलो. क्लिनिक तळमजल्यावर, आम्ही त्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं झाली, ती खाली उतरलेली नाही. तिला पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. आईसारखं ऐकून घेणारं माणूस शोधून सापडणार नाही. एकदाही मध्ये बोलली नाही.

सोमवार, २२ एप्रिल

आज पहिली पाहणी. समितीत माझ्याशिवाय चौघं आहेत. वकीलबाई, ज्या प्रत्येक वाक्याला "कशाच्या आधारे?" म्हणून विचारतात. नर्सरीवाले, ज्यांची गवताशी ओळख माणसांपेक्षा जास्त आहे. आणि हार्डवेअरवाले व केबलवाले, दोघांचं नगरसेवकांकडे रोजचं उठणं-बसणं. याखेरीज नगरपालिकेच्या पर्यावरण विभागातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांना मत द्यायचा अधिकार नाही, फक्त सल्ला द्यायचा. खांद्यावर लांब लोखंडी गिरमिट घेऊन फिरतात, ते जमिनीत घालून माती वर काढतात आणि चक्क तिचा वास घेतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मातीवाल्या बाई ठेवलं. गिरमिट बघून मात्र बरं वाटलं. आमच्याच धंद्यातलं हत्यार, फक्त मोठ्या तोंडासाठी.

प्रश्न होता काठ ठरवण्याचा. आजवर म्हणे कुणी तो नीट ठरवलाच नव्हता, ज्याला जसं सोयीचं तसं तो मोजायचा. मातीवाल्या बाई म्हणाल्या, "सर, आत्ता पाणी अगदी खाली गेलंय. काही महिने थांबू या का?"

म्हटलं, "बाई, काठ म्हणजे काठ. पाणी संपतं तिथे काठ. घागरीचा काठ शोधायला कुणी महिनाभर थांबतं का?"

सगळे हसले. हार्डवेअरवाल्यांनी दुकानातून आणलेली खुंटी आणि हातोडा पुढे केला. भेगाळलेल्या चिखलात, पाण्यापासून वीतभर अंतर सोडून, मी ती स्वतःच्या हाताने ठोकली. एक घाव अंगठ्यावर बसला. हात हल्ली जरा थरथरतो, कॉफी कमी केली पाहिजे. कारकुनाने लिहून घेतलं, "अध्यक्षांनी काठ निश्चित केला."

मातीवाल्या बाई पुढे काही बोलल्या नाहीत. पटलं असावं.

शुक्रवार, ३ मे

चिमी आणि मेहुणे घराचा नकाशा घेऊन आले होते. चिमी माझी धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी आम्हाला चिमीच.

नकाशा विचित्र आहे. एकच मजला. कुठे पायरी नाही, उंबरा नाही. दारं एवढी रुंद की मी विचारलं, "हत्ती पाळणार आहेस का?" "लागतील," एवढंच म्हणाली. पूर्वेची सगळ्यांत मोठी, उन्हाची खोली स्वतःला ठेवलेली नाही, पाहुण्यांना दिलीय. "असले कोण लाडके पाहुणे?" यावर मेहुणे पंख्याकडे बघायला लागले. त्यांना घर बांधण्यातलं काही कळत नाही, हे मी पूर्वीपासून म्हणतोय.

माझ्या खुंटीपासून मोजलं तर त्यांचं घर शंभर फुटांच्या जेमतेम बाहेर पडतं. मेहुणे म्हणाले, "दादा, तुम्ही खुंटी ठोकलीत आणि आमचा जीव भांड्यात पडला." त्यांच्याच ओळीत बिल्डरचे सहा प्लॉट आहेत. हा बिल्डर नगरसेवकांचा भागीदार. तो म्हणे चिमीला सारखा आग्रह करतो, की आधी तुम्ही अर्ज करा, आधी तुम्ही बांधा, आम्ही मागाहून. आजकाल इतकी अदब बघायला मिळत नाही.

चिमी नंतर आईच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. तासभर आतून आईचाच आवाज येत होता. एवढं काय बोलते कोण जाणे, माझ्यासमोर तर गप्प असते.

गुरुवार, ३० मे

एका बाईंच्या चांगल्या दाताला ड्रिल लागलं. जरासंच. बाई स्वभावाने गरीब, काही म्हणाल्या नाहीत, पण पुढची वेळही घेतली नाही. कॉफी बंद करून महिना झाला. आता चहा बंद करून बघावा.

जेवताना ही म्हणाली, "खालची जागा आईंना किती सोयीची झाली असती, नाही? सकाळचं ऊनपण येतं." मी म्हटलं, "आणि मी काय जिन्यात बसून दात काढू?" विनोद चांगला होता. ही हसली नाही. ऊन येतं हे खरंय, पण त्याचा त्रासच आहे. पेशंटच्या डोळ्यांवर येतं म्हणून पडदा ओढून ठेवावा लागतो.

बुधवार, १७ जुलै

पंधरा दिवस पावसाने काही सुचू दिलं नाही. काल उघडलं आणि आज सकाळी मातीवाल्या बाईंचा फोन आला. "सर, वेळ असेल तर तळ्यावर याल का?" पेशंट नव्हतेच, गेलो.

खुंटी दिसेना. मी इकडेतिकडे शोधत होतो, तर बाईंनी बोट दाखवलं. तळ्यात, चांगलं आतवर, एक बगळा उभा होता. "त्याच्या आसपास असेल," म्हणाल्या. लव्हाळा कमरेएवढ्या पाण्यात होता आणि माझे क्लिनिकचे पांढरे बूट घोट्यापर्यंत चिखलात.

मग त्या मला चिमीच्या प्लॉटवर घेऊन गेल्या. तिथे पाणी नव्हतं. वर छान हिरवं गवत होतं, पायाखाली जमीन टणक. जीव जरा शांत झाला. बाईंनी गिरमिट घातलं, हातभर खाली गेल्या आणि माती वर काढून माझ्या तळहातावर ठेवली. राखाडी, गार, तांबूस ठिपक्यांची. कुजक्या अंड्यासारखा वास.

"पाणी वर्षातले काही महिने जिथे मुक्काम करतं, तिथेच माती अशी होते," बाई म्हणाल्या. "वरून कितीही कोरडी दिसू दे."

"म्हणजे वरून दात पांढरा आणि मुळाशी पू."

"तसंच, सर."

पलीकडच्या सहाही प्लॉटवर तीच माती निघाली. मी विचारलं, "मग काठ आहे तरी कुठे?" बाईंनी मागे बघितलं, थेट रस्त्याकडे. म्हणाल्या, "पाणी एप्रिलमध्ये बाहेर गेलं होतं, सर. आपण त्याच्या घरात शिरून खुंटी ठोकली. ही जागा भराव घालून भरली तर पाणी दुसरीकडे जागा शोधेल, म्हणजे खालच्या गल्लीत. आणि इथे बांधलेल्या घरांतही दर तीन-चार वर्षांनी घोटाभर पाणी असेल."

माझं डोकं तापलं. "मग हे एप्रिलमध्ये का नाही बोललात?"

"बोलले होते, सर. तुम्ही घागरीचं सांगितलंत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

शनिवार, २० जुलै

तीन दिवस झोप धड नाही. चिमीच्या अर्जावर सात ऑगस्टला सुनावणी आहे.

आज नगरसेवक दाढेवर टोपी बसवायला आले होते. मी खुंटीचं सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी माझा हात बाजूला सारून स्वतःच बोलायला सुरुवात केली. असं सहसा कुणी करत नाही. "डॉक्टर, कशाला डोक्याला ताप करून घेता? बहिणीचा अर्ज आहे, तुम्हाला तसंही त्या विषयाला बसता येणार नाही. नियमच आहे. तुम्ही उठून बाहेर जाल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सचोटीचा माणूस म्हणून तर तुम्हाला घेतलं!"

खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. आपली सचोटी कुणीतरी जाणतं, ही काय थोडी गोष्ट आहे?

मंगळवार, २३ जुलै

वकीलबाईंना भेटलो आणि नगरसेवक काय म्हणाले ते जरा अभिमानानेच सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. आपण लहान मुलाच्या किडलेल्या दाताकडे बघतो तशा माझ्याकडे बघत राहिल्या.

"डॉक्टर, समितीत किती जण?"

"पाच."

"तुम्ही बाहेर गेलात की?"

"चार."

"मी आणि नर्सरीवाले विरोधात मत देणार. हार्डवेअरवाले आणि केबलवाले बाजूने. दोन-दोन. बहुमताने नाकारला गेला का?"

मी बोटांवर मोजून बघितलं.

"म्हणजे मंजूर. आणि तुमच्या खुंटीवरून एक घर मंजूर झालं, की त्याच खुंटीवरून पलीकडची सहा कशाच्या आधारे नाकारणार? त्यांना तुमचं मत नको होतं, डॉक्टर. त्यांना रिकामी खुर्ची हवी होती. ती हमखास रिकामी होईल अशी खात्री असलेला माणूस गावात एकच."

घरी आलो तो जिना चढायचं विसरून खालीच बसून राहिलो. मला वाटलं होतं मी प्रामाणिक आहे म्हणून निवडलं. आणि खरंच, मी प्रामाणिक आहे म्हणूनच निवडलं होतं! रागाने दातओठ खायचे तर कुणावर?

निघताना मी विचारलं होतं, की आता मार्ग काय. वकीलबाई म्हणाल्या, "नात्यातला माणूस न्याय द्यायला टेबलामागे बसू शकत नाही. पण टेबलासमोर उभं राहून जे घडलं ते सांगायला कुणाला बंदी नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

रविवार, २८ जुलै

चिमीकडे गेलो. तिला समोरासमोर सांगावं असं ठरवलं होतं. ती भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहते. मातीचं सांगितलं, वासाचं सांगितलं, घोटाभर पाण्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तू फक्त उठून बाहेर जा, दादा. बाकी काही करू नकोस. नियमाप्रमाणेच होईल ना?"

"पण एवढा हट्ट कशासाठी? दुसरीकडे बघ एखादी जागा."

"दुसरीकडची जमिनीवरची जागा आम्हाला परवडत नाही. बघून झालंय सगळं."

"मग फ्लॅट घे. तिसऱ्या मजल्यावर काय वाईट आहे? आम्ही राहतोच की."

तेव्हा तिने हातातली जुडी खाली टाकली. "तुम्ही राहता, दादा. आई राहत नाही. आई तिथे कोंडलेली आहे. दोन वर्षांत तिच्या पायाला जमीन लागलेली नाही. ती पूर्वेची खोली तिची आहे. ती दारं तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी आहेत. हत्ती म्हणालास ना तू?"

मेहुणे आत निघून गेले. मी पाणी मागितलं, प्यायलो, आणि परत आलो.

मंगळवार, ६ ऑगस्ट

उद्या सुनावणी. इथे खरं लिहायचं तर लिहितो: मला गप्प बसायचं आहे.

गप्प बसलो तर कुणी नाव ठेवणार नाही. नियमाप्रमाणे उठेन, बाहेर जाईन, चिमीचं घर होईल, आईला ऊन मिळेल, आणि माझ्या सचोटीला ओरखडा नाही. इतकं सोयीचं सत्य माझ्या वाट्याला याआधी कधी आलं नव्हतं. सकाळपासून मी स्वतःला चार वेळा पटवलं की हेच योग्य आहे.

पाचव्यांदा पटेना. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून त्या खोलीत ठेवायची आणि मग एक दिवस खोलीत पाणी? ती काय उठून पळणार आहे? आणि खालच्या गल्लीतल्या लोकांनी माझं काय घोडं मारलंय? खुंटी त्यांनी ठोकली नव्हती.

आईला काही सांगितलं नाही. तिच्यासमोर बसलो आणि क्लिनिकमधल्या गमती सांगितल्या.

बुधवार, ७ ऑगस्ट

संपलं. हात थरथरतोय तरी लिहून ठेवतो.

नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरची खोली. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चिमी, मेहुणे, बिल्डर, आणि मागे नगरसेवक. अर्जाचा क्रमांक पुकारला. मी म्हटलं, "अर्जदार माझी सख्खी बहीण आहे. मी या विषयातून बाजूला होतो." नगरसेवकांनी मान डोलावली. मी टेबलाला वळसा घातला, दाराकडे न जाता लोकांसाठी माइक ठेवलाय तिथे थांबलो.

नगरसेवक हसत म्हणाले, "डॉक्टर, दार तिकडे आहे."

"कशाच्या आधारे?" वकीलबाई कडाडल्या. "ते आता नागरिक आहेत. बोला, डॉक्टर."

आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर उभं राहून बोलत आलो. आज पहिल्यांदा समोरची सगळी तोंडं मिटलेली होती आणि कुणीही उठून उत्तर देऊ शकलं असतं. मी एवढंच सांगितलं: "एप्रिलमध्ये काठाची खुंटी मी ठोकली. बाईंनी थांबा म्हटलं होतं, मी त्यांची थट्टा केली. ती खुंटी आता तळ्यात आहे. माझ्या बहिणीचा प्लॉट पाणथळात आहे, पलीकडचे सहाही आहेत. माती मी हातात घेऊन बघितली. चूक माझी आहे, तिची नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवून मोजलं."

चिमी पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. शेवटच्या वाक्याला तिने वर बघितलं. ती नजर मी लिहू शकत नाही.

मग बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसलो. शिपायाने चहा आणून दिला, प्यायलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि शिपायानेच सांगितलं, तीन विरुद्ध एक, नाकारला. हार्डवेअरवाले फिरले म्हणे. त्यांचं गोदाम खालच्या गल्लीत आहे. मातीवाल्या बाईंना त्यांनी एकच प्रश्न विचारला, मागे गोदामात पाणी शिरलं होतं ते इथूनच का? बाई हो म्हणाल्या, आणि त्यांनी नगरसेवकांकडे न बघता हात वर केला.

चिमी माझ्यासमोरून जिना उतरून गेली. मेहुणे थांबले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ती बोलेल, दादा. थोडा वेळ जाऊ द्या." ज्या माणसाला काही कळत नाही असं मी वर्षानुवर्षं म्हणत होतो, त्याच्यासमोर मला रडू आलं.

बुधवार, १४ ऑगस्ट

काठाची नवी आखणी झाली, रस्त्याला लागून. नगरसेवकांनी दंतवैद्य बदलला. चिमीचा फोन नाही. आई विचारते, चिमी का येत नाही. कामात असेल, म्हणतो.

सोमवार, १९ ऑगस्ट

दुपारी खुर्चीत आडवा झालो होतो. डोळा लागत होता तोच डोक्यावर सावली आली. चिमी. हातात मोजायची टेप.

मी उठायला गेलो, तिने खांद्यावर हात ठेवून परत आडवं केलं. बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "मीट ते. आज मी बोलणार."

तिने दार मोजलं. आतली खोली मोजली. संडासाचं दार मोजलं आणि मान हलवली, "हे रुंद करावं लागेल." मग माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"तू माझी खुंटी उपटलीस. बरोबर केलंस की चूक, ते मी अजून ठरवलेलं नाही. आता तुझी खुर्ची उपट."

"चिमे, हा माझा धंदा आहे. पस्तीस वर्षं..."

"तुझा हात थरथरतो, दादा. ते कॉफीने होत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे. तुझे पेशंट मला बाजारात गाठून विचारतात, डॉक्टरांना कसं सांगायचं. वहिनी वर्षभर सांगायचा प्रयत्न करतेय. आईची खोली तू माझ्याकडून घेतलीस, आता तू दे."

ती टेप गुंडाळून वर आईकडे गेली.

गुरुवार, २२ ऑगस्ट

तीन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. राग होता. कशाचा ते नीट सांगता येत नाही. माझ्याच घरच्यांनी माझी पाहणी केली, आणि मला न विचारता निकाल लावला!

आज दुपारी पेशंट नव्हते. दिव्याखाली हात धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग चिमट्याने कापसाचा बोळा उचलून वाटीत टाकायचा प्रयत्न केला. चिमटा वाटीच्या काठावर वाजत राहिला.

वर गेलो. ही कपडे घडी करत होती. म्हटलं, "खालची जागा आईला सोयीची होईल, नाही?" हिने घडी तशीच ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. माझा तो हात मांडीवर घेऊन धरून ठेवला. किती दिवसांनी तो थांबला होता.

शनिवार, २१ सप्टेंबर

महिनाभर धूळ आणि गवंडी. हार्डवेअरवाल्यांनी आपली माणसं पाठवली. खुर्ची जमिनीत चार बोल्टवर होती, शेवटचा बोल्ट गंजलेला निघाला आणि कापावा लागला. हात डॉक्टरांना दाखवला, औषध सुरू आहे. नवीन शिकलेल्या एका मुलीने खुर्ची आणि हत्यारं नेली. मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण तिने प्रश्न विचारले आणि मी तेवढ्याचीच उत्तरं दिली. रात्रीपर्यंत मन लागलं नाही. पस्तीस वर्षं ही काही थोडी नव्हेत.

चिमीचा प्लॉट नगरपालिका ताब्यात घेणार आहे, मोबदला मिळायला वेळ लागेल. मातीवाल्या बाई स्वतः कागदांच्या मागे आहेत. चिमी माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी आईला खाली आणलं. मेहुणे, मी, आणि हार्डवेअरवाल्यांची दोन माणसं. आईला खुर्चीत बसवून खुर्चीच उचलली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा आई म्हणाली, "पाडलंत तरी चालेल, पण परत वर नेऊ नका."

खाली आल्यावर ती खोलीत जायला तयार नव्हती. चिमीने खुर्ची दाराबाहेर उन्हात लावली. आईने चपला काढायला सांगितल्या आणि पाय जमिनीवर ठेवले. नुसते ठेवले. कितीतरी वेळ ती पायांकडेच बघत होती. चिमी आत निघून गेली, तिला कुणी रडताना बघितलेलं आवडत नाही.

मी आईशेजारी स्टूल घेऊन बसलो. ती बोलत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल काहीतरी होतं तिच्याकडे. मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "चिमीला तो प्लॉट घ्यायला मीच लावला बरं का. तिच्यावर रागावू नकोस. त्या बिचारीला कुठे घर बांधायचं होतं?"

"तू लावलास? कशासाठी?"

"मला खाली यायचं होतं."

"अगं मग मला सांगायचं ना, आई. मी काय नाही म्हटलं असतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"सांगितलं रे. किती वेळा सांगितलं. तू काहीतरी सांगत असायचास."

मला पुष्कळ बोलायचं होतं. बोललो नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा सुरुवात केली, समोरच्या घराचा रंग कधी बदलला म्हणून, आणि मी दुपारपर्यंत तिथेच बसलो होतो.